चंद्रोदयापुरती किल्ली

मनुष्यजातीचा सारा इतिहास हा दारं बंद करणारे आणि दारं उघडणारे यांच्यातल्या झगड्याचा इतिहास आहे, आणि या झगड्यात नेमक्या उंबरठ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंना न्याय देणारा माणूस युगातून एखादाच जन्माला येतो. माझ्या बायकोचे मामा हे अशांपैकी एक आहेत. त्यांना स्वतःला हे मान्य आहे. दोन्ही बाजूंना खरोखर न्याय मिळतो का, हे त्या बाजूंनाच विचारावं लागेल. पण त्यासाठी बाजूंना आधी मामांची वेळ घ्यावी लागेल, आणि मामा वेळ देण्याआधी ‘कशासाठी हवी?’ असं विचारतात.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मामांना तुम्ही ‘किती वाजले?’ असं विचारलंत, तरी ते मनगटावर हात ठेवून घड्याळ झाकतात आणि ‘कशासाठी?’ म्हणतात. गाडी गाठायची असेल तर मिनिटासकट वेळ मिळते. गोळी घ्यायची असेल तर ‘साडेसात समजा’. नुसतंच विचारलं असेल तर ‘संध्याकाळ झालीय’ एवढ्यावर भागवावं लागतं. माणसाला कामापुरतीच माहिती द्यावी, जास्त दिली की तिचं तो काहीतरी करतो, असं त्यांचं मत आहे. शेजारचे निवृत्त मास्तर त्यांच्याकडे पेपर वाचायला येतात, त्यांना खेळाचं पान मिळतं. मास्तरांना खेळात काडीचा रस नाही. पण पहिल्या दिवशी त्यांनी ‘जरा मॅचचं काय झालं बघतो’ असं म्हटलं होतं, आणि तीच त्यांची परवानगी आजतागायत चालू आहे. एकदा मला त्यांनी छत्री दिली तीही ‘आज संध्याकाळी सातपर्यंत’ अशी. सातला पाच कमी असताना फोन आला, ‘छत्री कुठे आहे?’ म्हटलं, माझ्या डोक्यावर आहे. ‘मिटा,’ ते म्हणाले, ‘आणि घेऊन या.’

पार्सल घेऊन येणाऱ्या माणसांमध्ये मामांचं दार प्रसिद्ध आहे. असाच एक जण ओटीपी मागायला उभा होता. मामांनी साखळी न काढता आधी त्याचं ओळखपत्र मागितलं, मग त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांची दाढीसकट तुलना केली. तो वैतागून म्हणाला, ‘काका, पार्सल तुमचंच आहे हो!’ मामा शांतपणे म्हणाले, ‘ते मला माहीत आहे. तुम्ही तुमचेच आहात का, एवढंच बघतोय.’ आतून मामी ओरडल्या, ‘घ्या हो त्याच्याकडून! लग्नानंतर सहा महिने मलासुद्धा यांनी पगार सांगितला नव्हता. विचारलं की म्हणायचे, कशासाठी हवाय.’ मामांना आजवर कोणी मामा बनवू शकलं नाही. ते आधीपासूनच मामा असल्यामुळे त्या दिशेने फारसा वाव नव्हता, असं आमच्या घरात म्हणतात. पण त्यांच्यासमोर नाही.

या स्वभावाला पोटापाण्याचा आधारही तसाच मिळाला. मामा एका बँकेच्या ठाण्यात नौपाड्यातल्या शाखेत लॉकर विभागात होते. तिथून त्यांना बढती मिळत असे आणि ते ती नाकारत असत. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेची किल्ली फिरवायची आणि पाठ करून खोलीबाहेर यायचं, हे मामांनी उभी हयात केलं. मी एकदा कुतूहलाने विचारलं होतं, ‘मामा, इतक्या वर्षांत एकदाही आत काय आहे ते पाहावंसं वाटलं नाही?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांना कोणाच्या न्हाणीघरात डोकावायला सांगितलं होतं.

निवृत्तीनंतर असा माणूस एरवी नाना-नानी पार्कात जाऊन बाकांवर लक्ष ठेवत बसला असता. पण नौपाड्यातच, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, पंचांगाचं गणित करणारं एक जुनं कार्यालय आहे. तिथी, नक्षत्र, ग्रहण, गावोगावचा सूर्योदय आणि चंद्रोदय हे सगळं तिथे मांडलं जातं आणि मग कॅलेंडरवाल्यांकडे जातं. अलीकडे कॅलेंडरवाल्यांबरोबर मोबाइलची ॲपं करणारेही तेच मागायला लागले. तेव्हा कार्यालयाने एक सोय केली, जिला ती मुलं एपीआय म्हणतात. मला समजलं ते असं: ती एक खिडकी आहे. बाहेरच्या ॲपने खिडकीशी येऊन विचारायचं, ‘आज कल्याणला चंद्र कधी?’ आणि आतल्या यंत्राने वेळ सांगायची. फक्त विचारणारा कोण, हे आतल्याला आधी कळलं पाहिजे. नाहीतर कोणीही येईल, दिवसाला लाखदा विचारील आणि यंत्राला घेरी आणील. म्हणून प्रत्येक बाहेरच्याला एक किल्ली द्यायची. किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक, निरर्थक माळ.

इथे एक घोटाळा झाला. कार्यालयातल्या तरुण इंजिनियरने, नीरजने, मालकांना सांगितलं, ‘सर, आपल्याला किल्ल्या मॅनेज करायला काहीतरी बघायला हवं.’ त्याच्या मनात एक सॉफ्टवेअर होतं. मालक पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले, त्यांना क्रियापदाच्या आधी कर्ता लागतो. त्यांनी ‘काहीतरी’ऐवजी ‘कोणीतरी’ असं ऐकलं, आणि ‘किल्ल्या सांभाळायला बँकेतल्या लॉकरच्या माणसाइतका योग्य कोण?’ असा सरळ विचार करून मामांना बोलावून घेतलं. खिडकीच्या उद्घाटनाला नारळ फुटला, तो पाणी उडू नये म्हणून जिन्यात फोडला. मालकांनी भाषणात ‘आपल्या पूर्वजांनी आकाशाकडे पाहिलं, आपण जगाकडे पाहतो आहोत’ असं वाक्य म्हटलं आणि शेवटी मामांची ओळख ‘आपले किल्लेदार’ अशी करून दिली. नीरज कोपऱ्यात पेढा हातात धरून उभा होता. तो मला नंतर म्हणाला, ‘काका, मी टूल मागितलेलं, त्यांनी मामा दिला.’

मी डोंबिवलीला राहतो, निवृत्त आहे, आणि दुसऱ्याच्या कामात मला नेहमीच माझ्या कामापेक्षा जास्त रस वाटत आलेला आहे. त्यामुळे किल्ली नेमकी देतात कशी हे बघायला मी दुपारी तिथे जाऊन बसू लागलो. मामांनी मला ‘बघण्यापुरती’ परवानगी दिली, बोलायची नाही.

वेबसाइटवर लिहिलेलं आहे ते सोपं आहे. बाहेरच्याने आपलं नाव नोंदवायचं, ईमेल खरा आहे हे दाखवायचं, ॲपचं नाव आणि उद्देश लिहायचा. लगेच त्याला सरावाची किल्ली मिळते. ती खऱ्या खिडकीला लागत नाही; खोट्या खिडकीला लागते, जिथे खोट्या तिथी ठेवलेल्या असतात. सराव झाला की खऱ्या किल्लीसाठी अर्ज करायचा, आणि मग ‘आमचे अधिकारी अर्ज तपासून कळवतील’. हे अधिकारी म्हणजे मामा. इंग्रजी शब्दांशी त्यांचं पटत नाही, म्हणून त्यांनी सगळ्याला आपली नावं दिली. सरावाच्या खिडकीला ते भातुकली म्हणतात आणि खऱ्या खिडकीला संसार. ‘भातुकलीत नीट खेळलास, आता संसाराचं बघू,’ असं ते दाढी राखलेल्या तरुणांना सांगतात. भातुकलीत नीरजने गंमत म्हणून रोज संकष्टी ठेवली होती. डोंबिवलीच्या एका उतावळ्याने भातुकलीच्याच किल्लीवर आपलं ॲप बाजारात आणलं, तेव्हा त्याच्या सासूबाईंना लागोपाठ संकष्ट्या आल्या. बाई सोशिक. अधिक महिन्यात असं काहीतरी होत असेल, असं समजून त्या निमूट साबुदाणा भिजवत राहिल्या.

खरी किल्ली दोन तुकड्यांत असते. एक तुकडा म्हणजे ओळख, तो चारचौघांत सांगितला तरी चालतो. दुसरा म्हणजे गुपित. ते पडद्यावर एकदाच दिसतं, पुन्हा कधीही दाखवलं जात नाही. मामांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिचा संस्कारच केला. मुंजीत बटूच्या कानात मंत्र सांगतात, तशा गांभीर्याने ते अर्जदाराला खुर्चीत बसवतात, पडदा त्याच्याकडे वळवतात, बटण दाबतात आणि स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. ‘झालं उतरवून?’ ‘झालं.’ ‘नीट बघा. मला विचारायला आलात तर मलाही माहीत नसेल.’ हे सगळं ईमेलने करता येतं, असं नीरज सांगून थकला. मामा म्हणाले, ‘ईमेल कोणी वाचलं हे तुला दिसतं का? भिंत मला दिसते.’

अर्जदारांना प्रत्यक्ष बोलावण्याचा नियम अर्थातच मामांचा. माजिवड्याच्या एका लग्न जुळवणाऱ्या ॲपचा मालक आला होता, कपाळावर गॉगल. मामांनी विचारलं, ‘काय काय हवंय?’

‘सगळंच द्या काका. पुढेमागे लागेल.’

‘आत्ता काय लागतंय?’

‘आत्ता गुणमेलन आणि मुहूर्त.’

‘मग ग्रहणाचे वेध कशाला?’

‘असू दे ना काका, तुमचं काय जातंय?’

मामांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण पूर्ण म्हटली. ते स्वतः कपाटाची किल्ली जानव्याला बांधणारे असल्यामुळे ही म्हण अधिकाराने वापरतात. त्या माणसाला गुणमेलन आणि मुहूर्त मिळाले. पुढे काही महिन्यांनी त्याने आपली किल्ली आपल्या प्रोग्राममध्ये तशीच लिहून तो प्रोग्राम साऱ्या जगाला दिसेल असा इंटरनेटवर ठेवला, तेव्हा मामांनी त्याला फोन केला, ‘तुमची किल्ली रस्त्यावर पडलीय.’ त्याने घाईघाईने खिडकीतून खाली वाकून पार्किंगमध्ये पाहिलं आणि ‘थँक्यू काका, गाडीची इथेच आहे’ असं सांगितलं. तोवर मामांनी इकडे किल्ली रद्द केली होती.

पण मुलाखतीतला खरा प्रश्न शेवटी येई: ‘किल्ली ठेवणार कुठे?’ यात भले भले गडगडत. मामांचं म्हणणं असं की माणूस किल्ली कुठे ठेवतो यावर त्याची सगळी कुंडली कळते. पायपुसण्याखाली ठेवणारा, मीटरच्या पेटीत ठेवणारा, शेजारी ठेवणारा आणि कोणाकडे ठेवली हे विसरणारा असे मनुष्याचे चार वर्ण आहेत.

या प्रश्नावर कल्याणची एक मुलगी अडली. तिचं नाव स्नेहल. तिच्या अर्जात उद्देशाच्या जागी एकच शब्द होता: ‘बाबांसाठी.’ मामांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, ‘हा उद्देश नाही, हे नातं आहे.’ आणि तिला बोलावून घेतलं.

ती आली ती जिन्यातूनच बोलत आली. ‘काका, मी फॉर्म भरलेला, सराव पण केलेला, सगळं चालतंय. मला फक्त चंद्रोदय हवाय, बाकी काही नको. माझ्या बाबांना दिसत नाही. जन्मापासून. ते आणि त्यांचे मित्र, सगळे संकष्टी करतात. चंद्र उगवला की ॲप आपणहून बोलणार, एवढंच.’

मामा खूश झाले. फक्त चंद्रोदय मागणारा अर्जदार त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी जवळजवळ प्रेमाने विचारलं, ‘किल्ली कुठे ठेवणार?’

‘ॲपमध्येच.’

‘म्हणजे जो कोणी ॲप घेईल त्याच्या फोनमध्ये?’

‘हो. आत असते ती, दिसत नाही.’

‘शोधणाऱ्याला दिसते,’ कोपऱ्यातून नीरज म्हणाला. मामांच्या बाजूने तो बोलल्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण दोघेही थोडे दचकले.

‘अहो, पण आमच्यातल्या कोणालाच दिसत नाही!’ स्नेहल म्हणाली. ‘कोण चोरणार ती?’

‘किल्ली चोरायला डोळे लागत नाहीत, बाळ,’ मामा म्हणाले. ‘हात लागतात. नामंजूर.’

तिचा चेहरा पडला. ‘काका, अंगारकी आठवड्यावर आलीय. मी बाबांना सांगून बसलेय.’ मामांनी तिला पाणी दिलं, पण किल्ली दिली नाही. ती गेल्यावर मी परवानगीचा भंग करून बोललो, ‘मामा, चंद्र काय आपल्या बापाचा आहे?’ ते म्हणाले, ‘चंद्र नाही. किल्ली आहे. आज तिच्यासाठी पायपुसण्याखाली ठेवली, तर उद्या माजिवड्याचा गॉगलवाला येऊन विचारील, माझं पायपुसणं काय वाईट आहे?’ मामा आणि ती मुलगी, दोघंही बरोबर होती, आणि अशा वेळी मला फक्त चहा सुचतो.

दोन दिवसांनी ती बाबांना घेऊन आली. मुलीच्या खांद्याला हात लावून ते जिना चढले. खाली दवाखान्यात ड्रिल चालू होतं. ते दारात उभे राहून म्हणाले, ‘आधी खालचे दात काढायचे आणि मग वर मुहूर्त विचारायचा, अशी पद्धत आहे का इथे?’ मामांना विनोद आवडत नाहीत, कारण त्यांचा उद्देश स्पष्ट नसतो. त्यांनी खुर्ची सरकवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

‘कशासाठी हवंय? वेळ कॅलेंडरवर छापलेली असते.’

‘छापलेली असते खरी,’ बाबा म्हणाले.

मामा ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला थोडा वेळ लागला. ‘फोनला विचारता येतं ना पण?’

‘येतं की. आधी तो जाहिरात वाचून दाखवतो. मग मुंबईची वेळ सांगतो. मग ती मागच्या महिन्याची निघते. साहेब, तुम्हाला खरं सांगू? हिची आई असताना प्रश्नच नव्हता. गच्चीत जायची, खाली यायची आणि म्हणायची, आला हो. मी जेवायला बसायचो. आता तिला स्वतःला भूक लागली की चंद्र जरा लवकर यायचा, हे मला कळायचं. भाजीला फोडणी आधीच पडलेली असायची ना. पण मी कधी बोललो नाही. ती गेली. आता शेजारचे सांगतात. चांगली माणसं आहेत, अगदी खरं सांगतात. फक्त मालिकेत जाहिरात लागली की सांगतात.’

‘बाबा!’ स्नेहल म्हणाली.

‘अगं, खोटं आहे का? ही म्हणते, मी फोन करत जाईन. ही ऑफिसातून घरी येते कधी, जेवते कधी! मला कोणाला विचारायचं नाहीये, साहेब. घरात एवढी एक गोष्ट अशी हवीय की ती मला न विचारता कळावी. वेळ झाली की वेळेने यावं आणि सांगावं. जेवायचं की नाही ते मी बघीन.’

मामांनी आजवर प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न विचारलेला आहे. या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. खाली ड्रिल थांबलं होतं. मग ते म्हणाले, ‘किल्ली देता येणार नाही.’

‘ठीक आहे,’ बाबा उठायला लागले.

‘बसा. किल्लीला नियम आहे. वेळ सांगायला नियम नाही. तुमचा फोन नंबर द्या. अंगारकीला चंद्र उगवला की मी फोन करीन.’

नीरजचं टायपिंग थांबलं. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘देतो. पण फोनवर तुम्हीच आहात, हे मला कसं कळणार?’

मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंद म्हणणं तोकडं होईल. आयुष्यभर ज्यांनी साऱ्या जगाला ओळख विचारली, त्यांना आज पहिल्यांदा कोणीतरी ती विचारली होती. ते खुर्ची ओढून बाबांच्या अगदी जवळ बसले. ‘एक शब्द ठरवू,’ ते म्हणाले, ‘तुमच्या-माझ्यातला.’ आणि आम्हाला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. स्नेहल, नीरज आणि मी, तिघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे कुजबुज झाली, मग दोन म्हातारे हसल्याचा आवाज आला. शब्द काय होता ते मला आजही माहीत नाही. एकदा विचारलं होतं. ‘कशासाठी?’ म्हणाले.

अंगारकीला मी कळव्याला त्यांच्याकडे होतो. वेळ झाली तसे मामा फोन घेऊन न्हाणीघरात गेले आणि त्यांनी नळ सोडला. मामींनी कपाळाला हात लावला. ‘माझ्यापासून लपवतायत. एक शब्द!’ मग नळ बंद झाला, दार उघडलं, आणि मामांचा मोठा आवाज आला, ‘हां, पटली ना ओळख? ऐका. कल्याणला चंद्रोदय झाला. तुमच्याकडे. आमच्याकडे अजून नाही, तुम्ही जरा पूर्वेला आहात, आम्हाला अजून काही क्षण आहेत. हां, आता आमच्याकडेही झाला. जेवा.’ समोरून काय उत्तर आलं कळलं नाही, पण मामा म्हणाले, ‘भरली वांगी? संकष्टीला नुसता वरणभात बरा असतो,’ आणि तिथून पुढे दहा मिनिटं वांग्यांवर बोलत राहिले. उद्देश सोडून बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो.

पुढच्या संकष्ट्यांनाही हेच झालं. फोन लांबत गेला. मामींच्या मते वेळ सांगायला अर्धं मिनिट लागायचं आणि उरलेला वेळ बँकेतले जुने मॅनेजर, कल्याणचा बदललेला रस्ता आणि गुडघे यांना जायचा. बाबा दर वेळी आधी शब्द विचारत, आणि मामा दर वेळी नळ सोडत.

दरम्यान स्नेहल स्वस्थ बसली नव्हती. नीरजने तिला मार्ग सांगितला: किल्ली ॲपमध्ये ठेवायचीच नाही, मध्ये आपलं एक यंत्र उभं करायचं. सगळ्यांच्या फोनने त्या मधल्याला विचारायचं, मधल्याने एकट्याने खिडकीशी जायचं, आणि किल्ली फक्त मधल्याच्या पोटात. सुट्टीच्या दिवशी बसून तिने ते केलं आणि पुन्हा आली. ‘किल्ली कुठे ठेवणार?’ मामांनी विचारलं. तिने सांगितलं. मामांनी तिला उलटसुलट विचारलं, मधल्याच्या खोलीला कुलूप कसलं, कोण कोण आत जातं, वीज गेली तर काय. तिला सगळं येत होतं. मामांनी मान हलवली, पडदा तिच्याकडे वळवला, बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले. ‘झालं काका,’ ती दोनदा म्हणाली.

किल्ली चंद्रोदयापुरती, ठाणे ते कल्याण एवढ्याच पट्ट्यापुरती. जाता जाता ती दारात थांबली. ‘काका, बाबांना सूर्योदय पण चालला असता.’

‘वेगळा अर्ज,’ मामा म्हणाले.

त्यानंतरच्या पहिल्या संकष्टीला मी मुद्दाम कळव्याला गेलो. वेळ जवळ आली तशी मामांनी सवयीने फोन उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि खिशात ठेवून दिला. मग आम्ही दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो. आतून मामी म्हणाल्या, ‘अहो, जेवायला चला की. तुमचा का उपास आहे?’

‘चंद्र दिसू दे,’ मामा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिलं. मी विचारलं नव्हतं, तरी मला सेकंदासकट वेळ सांगितली. ‘बोललं असेल आता ते यंत्र तिकडे,’ ते म्हणाले. ‘आधी कल्याणला, मग आपल्याकडे. चोख असतं. शब्द विचारावा लागत नाही त्याला.’ मग त्यांनी खिशातला फोन वरूनच चाचपला. ‘वांग्यांचं काही बोलेलसं वाटत नाही, नाही का?’

मी म्हटलं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. ते हसले नाहीत. आम्ही आभाळाकडे पाहत बसून राहिलो. मामींनी दोनदा हाक मारली, मग ताटं झाकून ठेवल्याचा आवाज आला. खाली खाडीकडून वारा येत होता, आणि मामा मान वर करून चंद्राची वाट पाहत होते.

ती गॅलरी पश्चिमेला आहे.